अर्ध्या कोयत्याची ओळ

अन्याय सिंधूआत्यावर झाला. सर्वपित्री अमावस्येला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, ग्रामपंचायतीचा शिपाई हंगामी वसतिगृहाची यादी फळ्याला चिकटवून सायकलवर बसला, तेव्हा झाला. त्या यादीत तिच्या मुलीचं, पूजाचं, नाव नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे अशी गोष्ट सांगताना लोक आजोबांच्या जमिनीपासून सुरुवात करतात, आणि ज्याचं गेलं त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो.

यादी कसली, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. दसरा झाला की आमच्या पाथर्डीच्या बाजूच्या वस्त्यांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातच वसतिगृह चालतं: आईबाप फडात, पोरं इथं, दोन वेळचं जेवण आणि शाळा. यादीत आईबापाच्या नावापुढं पोराचं नाव असलं तर जागा, नसलं तर पोरानं आईबापाच्या मागे गाडीत बसायचं. पूजा तेव्हा आठवीत होती. ती गाडीत बसली असती तर फडात नुसती बसून राहिली नसती, आणि त्याचं कारण कोयता. आमच्याकडे तोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहते, आणि दोघं मिळून एक. एकटं माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. हे चेष्टेनं म्हणत नाहीत, हिशेबाचा शब्दच आहे तो. सिंधूआत्याचा नवरा पूजा रांगत होती तेव्हा वारला. तेव्हापासून ती दिराच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून जात होती. टोळी नेणारे मुकादम बबनअण्णा दर वर्षी तिला एकच गोष्ट ऐकवत: पोरगी मोठी झाली की घेऊन ये, तुला पुरा कोयता धरतो. त्या वर्षी त्यांच्या नजरेत पूजा मोठी झाली होती.

सिंधूआत्या माझ्या वडिलांची, दादांची, चुलत बहीण. तिची खोली आमच्या घराच्या मागच्या अंगाला, आणि आमचं घर म्हणजे पुढून छापखाना, मागून स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. दादांचं जुनं ट्रेडल मशीन सकाळी चालू झालं की मांडणीवरची भांडी बारीक किणकिणायची आणि आई त्याच ठेक्यावर भाकरी थापायची. मशीन अडकलं की तिचा हातही थांबायचा आणि आतून आवाज यायचा, "काय झालं हो?" आमच्या भाकरीला शाईचा वास असायचा. पाहुणे नाक फुगवून बघायचे, आम्हाला त्यांचं काय चाललंय ते कळायचं नाही. लग्नपत्रिका, दहाव्याच्या पत्रिका, शेळीपालनाच्या शिबिराची जाहिरात, आणि निवडणूक आली की सगळ्याच उमेदवारांची पत्रकं. मुद्रितं तपासायचं काम माझं. शाळेची पुस्तकं वाचली त्याहून पत्रकं मी जास्त वाचली. चांगलं लिहिणं म्हणजे कमी शब्दांत कुणाची तरी मान पकडणं, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. आता तिशीला टेकले, रोज कुठल्या ना कुठल्या वस्तीवर बायकांच्या बैठकी घेते, आणि समजूत फारशी बदललेली नाही.

त्या वर्षी मी तिसगावला रूथ मॅडमच्या क्लासला जात होते. खताच्या दुकानावरची खोली, खाली युरियाचा वास, वर जुने कॉम्प्युटर. मॅडम मिशनच्या शाळेतल्या गुरुजींची मुलगी. पुण्यात कंपनीत काम करत होत्या, आईच्या आजारपणात परत आल्या त्या इथंच राहिल्या. आम्हाला त्या एसक्यूएल शिकवत, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा; त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. टेबल म्हणजे तक्ता, आडव्या ओळी आणि उभे रकाने. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात त्यांची कामं, आणि दोन्हीत एक रकाना सारखा, समजा माणसाचा क्रमांक. त्या क्रमांकावरून दोन तक्ते एकमेकांना जोडायचे, त्याला जॉइन म्हणतात. जोडायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. मॅडमनी फळ्यावर एकमेकांत घुसलेली दोन वर्तुळं काढली. मधला भाग रंगवला की इनर जॉइन, डावं वर्तुळ पुरं रंगवलं की लेफ्ट, उजवं रंगवलं की राइट, दोन्ही रंगवली की फुल. मी वर्तुळं वहीत उतरवली, पाठ केली आणि परीक्षेत लिहिलीसुद्धा. मला काही कळलेलं नव्हतं. माणसं वर्तुळात कशी बसतात आणि बाहेर पडली तर कुठं जातात, हे त्या चित्रात दिसत नाही.

दिसलं ते अमावस्येच्या आदल्या दिवशी. घट बसायच्या आधी आमच्याकडे घर खालपासून वरपर्यंत धुतात. गोधड्या ओढ्याला जातात, आणि मांडणीवरचे सगळे डबे अंगणात येतात. मी आणि पूजा राखेनं डबे घासत होतो, आई झाकणं वेगळी विसळत होती. दुपारी उन्हात एका बाजूला डब्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला झाकणांचा ढीग. आई म्हणाली, जोडीचं तेवढं आत आणा. आम्ही झाकणं लावत गेलो. ज्या डब्याला झाकण मिळालं तो मांडणीवर गेला. काही डबे तसेच उरले, काही झाकणंही उरली, ती कुठल्या जन्मीची होती देव जाणे. बिनझाकणाचे डबे आईनं पायानं पलंगाखाली सारले. पलंगाखाली गेलेली वस्तू आमच्या घरात पुन्हा कोणी पाहिलेली नाही.

मी तिथंच उकिडवी बसून राहिले. मांडणीवर गेलं ते इनर जॉइन: दोन्हीकडे जोडी सापडली तेवढंच. सगळे डबे आत न्यायचे, झाकण असेल तर झाकणासकट, नसेल तर झाकणाची जागा मोकळी ठेवून, ते लेफ्ट जॉइन. त्या मोकळ्या जागेला तिथं नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही, खोटंही नाही, नुसतं माहीत नाही. सगळी झाकणं ठेवायची, त्यांचा डबा असो नसो, ते राइट. अंगणातलं काहीच टाकायचं नाही, ते फुल. एकच झाकण दोन डब्यांना बसत असेल तर ते दोनदा लिहून येतं, म्हणून ओळी वाढल्या तर दचकायचं नाही. आणि प्रत्येक झाकण प्रत्येक डब्यावर आपटून बघायचं, ते क्रॉस जॉइन. डबे सारायच्या आधी आई रागावून तेच करत होती आणि वस्तीभर खणखणाट चालला होता. मी पूजाला हे सगळं सांगितलं. ती हात धूत म्हणाली, "म्हंजी आई डबा, आन् अण्णाला मी झाकन म्हनून पायजे." मी हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. घरोघरी पितरांचा स्वयंपाक: खीर, वडे, कढी, गवार, भोपळा. मशीन बंद होतं, त्यामुळे वस्तीवरच्या कढयांचा आवाज ऐकू येत होता आणि लोक कौलावर पान ठेवून कावळ्यांना हाका मारत होते. सिंधूआत्या नवऱ्याच्या नावानं पान वाढून बसली होती, तेव्हा पूजा ग्रामपंचायतीवरून धावत आली. यादीत शेजारच्या सगळ्यांची नावं होती, तिचं नव्हतं. आत्या उठली नाही. पान कावळ्यानं शिवेपर्यंत बसून राहिली आणि मग वाटीत खीर घेऊन आमच्याकडे आली. आईला वाटी देत म्हणाली, "माजं नाव कुनी काडलं? सर्वेला बाई आल्त्या तवा मी सोता सांगितलंय. अंगटा दिलाय." दादा म्हणाले, चुकून राहिलं असेल. आमच्याकडे चुकून राहतं ते नेहमी त्याच माणसांचं राहतं, ह्यावर तेव्हा कोणी बोललं नाही. मी आज बोलते.

घटस्थापना झाल्यावर रूथ मॅडम, आत्या आणि मी जीपनं तालुक्याला गेलो. कचेरीत कॉम्प्युटरवर बसणारा सचिन मॅडमचाच जुना विद्यार्थी, कंत्राटावर लागलेला. त्यानं मॅडमना खुर्ची दिली आणि मला विचारलं, "काय कोमल, पत्रक छापायला आलीस का?" यादी त्यानंच काढली होती आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यानं सरळ स्क्रीन आमच्याकडे वळवला. दोन तक्ते होते. एक कामगारांचा, श्रावणात घरोघर फिरून केलेला, प्रत्येक गड्याचं आणि बाईचं नाव वेगळं, पुढं त्यांच्या मुलांची नावं. दुसरा कोयत्यांचा, मुकादमांनी दिलेला, प्रत्येक कोयत्याला एक क्रमांक आणि त्याखाली नवरा-बायको. दोन्ही तक्ते कामगाराच्या क्रमांकावर जोडलेले. मध्ये नुसतं जॉइन लिहिलं होतं. नुसतं जॉइन लिहिलं की ते इनर धरलं जातं.

सचिननं आत्याचं नाव कामगारांच्या तक्त्यात शोधलं. सापडलं. कोयत्यांच्या तक्त्यात शोधलं. नव्हतं. अर्ध्या कोयत्याला मुकादम क्रमांक देतच नाहीत, तोंडी धरतात.

"म्हणजे ती आहे," मॅडम म्हणाल्या.

"आहे ना," सचिन म्हणाला. "पण यादीत नाही."

आत्या त्याच्या टेबलाशी उभी होती. तिनं एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बाबा, मी हितं हुबी हाय," ती म्हणाली. त्यानं तिला खुर्ची आणून दिली.

मला इथं एक गोष्ट थंडपणे नोंदवायची आहे, कारण पुढं मी ह्यावर बरीच भाषणं केली आणि भाषणात ती नीट येत नाही. आत्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. कोणी तिच्या वाईटावर नव्हतं. सचिन भला मुलगा होता, यंत्र बरोबर चाललं होतं, यादीतलं एकही नाव खोटं नव्हतं. दोन माणसांना एक मोजायची आमची जुनी रीत आणि क्वेरीतला एक शब्द, ह्या दोघांची गाठ पडली आणि जिची जोडी तुटलेली ती बाई मधून गळाली. गळालेल्या ओळीचा आवाज होत नाही. कॉम्प्युटर लाल अक्षरात काही सांगत नाही. यादी स्वच्छ दिसते.

मी म्हणाले, लेफ्ट जॉइन कर. कामगार डावीकडे ठेव, कोयते उजवीकडे. सचिननं एक शब्द वाढवला आणि चालवलं. यादी जशीच्या तशी आली. तो खूश झाला. "घे. तुझ्या लेफ्टला पण तीच माणसं सापडली." मॅडम हातातली छत्री मिटत-उघडत बसल्या. त्यांची ही सवय मला माहीत होती, उत्तर ठाऊक असलं की त्या असं करत. मी क्वेरी पुन्हा वाचली. शेवटी व्हेअरमध्ये, म्हणजे जोडून झाल्यावर ओळी गाळायच्या भागात, अट होती: कोयत्याचा हंगाम चालू वर्षाचा असावा. अट चांगलीच होती, पण ती उजव्या तक्त्यातल्या रकान्यावर होती. लेफ्ट जॉइननं आत्याला आत घेतलं, तिची उजवी बाजू मोकळी ठेवली, आणि मग व्हेअरनं विचारलं, तुझा हंगाम कुठला? मोकळ्या जागेची कशाशीच बरोबरी होत नाही. तिनं उत्तर दिलं नाही म्हणून तिला परत बाहेर काढलं. नवशिका माणूस इथं हमखास फसतो. दारातून आत घेतो आणि ओसरीवरून हाकलतो, आणि म्हणतो की मी तर दार उघडं ठेवलं होतं. मी ती अट व्हेअरमधून उचलून जोडणीच्या ऑनमध्ये, म्हणजे जोडतानाच तपासायच्या भागात, ठेवायला सांगितली, आणि व्हेअरमध्ये एवढंच लिहायला सांगितलं की कोयता क्रमांक नल असलेले दाखव.

ह्या वेळी स्क्रीन भरला आणि खाली सरकत गेला. डावीकडे नावं, उजवीकडे नल, नल, नल. आत्याचं नाव होतं. वरखाली तिच्यासारखीच होती. सचिननं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "च्यायला," तो हळू म्हणाला, "ह्या सगळ्या बायाच आहेत." विधवा, टाकलेल्या, नवरा अंथरुणाला खिळलेल्या. कोणी विचारलं असतं तर प्रत्येकीनं आपापलं सांगितलं असतं, पण त्यांतल्या बऱ्याचजणी एकमेकींना ओळखत नव्हत्या. एका ठिकाणी त्यांची नावं त्या दिवशी पहिल्यांदा आली, तीही त्यांच्यात काय कमी आहे ह्या निकषावर.

सचिननं ते छापून योजनेच्या साहेबांना दिलं. साहेब कागद बघून म्हणाले की योजना कोयत्यांच्या मुलांसाठी आहे, ह्या बाया कोयत्यात बसत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "मग ह्या बाया तोडीला जात नाहीत, असं लिहून द्या. आम्ही जातो." साहेबांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी वाट काढली: मुकादमानं लिहून द्यावं की बाई माझ्या टोळीत जाते, मी पुरवणी यादीवर सही करतो. वाट रीतसर होती. फक्त ज्या माणसाला पूजा फडात हवी होती, त्याच्याच दारातून ती वाट जात होती.

बबनअण्णांनी लिहून द्यायला नकार दिला. ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी आत्याला पान दिलं, पूजाच्या अभ्यासाची चौकशी केली आणि म्हणाले, पुरा कोयता हो, मग बघू. दादांना मी म्हणाले, पत्रक काढूया. दादा म्हणाले, काढ, पण शिव्या नकोत. मी पहिल्यांदा पत्रकात विशेषण घातलं नाही. कचेरीतून आणलेल्या नावांपैकी आमच्या आसपासच्या गावांतली नावं घेतली, प्रत्येकीपुढं गाव, आणि वर एकच ओळ: ह्या बाया ऊस तोडतात आणि यादीत नाहीत. ट्रेडलवर सकाळभर ते छापलं. आत्यानं ते कापडी पिशवीत घातलं आणि नवरात्रातच, उपाशीपोटी, वस्त्यांवर फिरली. मला वाटलं होतं ती पत्रकं वाटतेय. ती त्या बायांना शोधत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बबनअण्णा छापखान्यात आले, मुलाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन. पडद्याआड आई शेंगोळे वळत होती, हुलग्याचा वास पुढपर्यंत आला होता. आत्या त्यांच्या मागोमाग आत आली, आणि तिच्याबरोबर आणखी तिघीजणी. मी त्यांना ओळखत नव्हते, पण नावं मला पाठ होती, पत्रकासाठी त्यांचं अक्षर अक्षर मीच जुळवलं होतं.

आत्या म्हणाली, "अण्णा, ह्या तुमच्याच टोळीतल्या. तुमीच म्हनता, आमी अर्ध्या. बरं, अर्ध्या तर अर्ध्या. गाडी परवा जानार म्हनं. आमी चौघी न्हाई बसलो तर मोळ्या वाहायला कोन नेता?"

अण्णा दादांकडे बघून हसले. "काय दादा, बहिनीला पुडारी केलं का?"

दादा म्हणाले, "मी नुसतं छापतो."

"सिंदे, लई बोलाया लागली तू."

"बोलते. लिवून द्या. पोरगी साळंत ऱ्हाईल, मी गाडीत बसंल. न्हाई दिलं तर दोगी बी हितंच ऱ्हातो, आन् ह्या बी."

अण्णांनी थोडा वेळ लग्नपत्रिकेचा कागद उलटसुलट केला. नवी माणसं शोधायला दोन दिवस पुरले नसते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आईनं आतून विचारलं, जेवून जाता का? ते म्हणाले, न्हाई वहिनी, आणि माझ्याकडे पेन मागितला. चौघींसाठी चार ओळी लिहिल्या. अक्षर सुबक होतं.

पुरवणी यादी गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळी लागली. पूजा वसतिगृहात राहिली. सकाळी गाडी निघाली तेव्हा ती शाळेच्या कपड्यात रस्त्याकडेला उभी होती आणि आत्या मागच्या फळकुटाला धरून, गोधड्यांच्या गठ्ठ्यावर, तोंड दुसरीकडे करून बसली होती. पूजा पुढं शिकली. आता संगमनेरला दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे, आणि मी तिच्याबद्दल भाषणात बोलते हे तिला अजिबात आवडत नाही. आत्या अजून तोडीला जाते, अजून अर्धी.

हा शेवट गोड आहे असं कोणी समजू नये. त्या कागदावर आत्याच्या आणि त्या तिघींच्या वर आणि खाली पुष्कळ नावं होती. त्यांच्या टोळ्या दसऱ्याच्याच दिवशी निघाल्या होत्या. त्यांच्या मुली आईबरोबर गेल्या. त्यांतल्या काही मला नंतर फडांवर भेटल्या, कडेवर पोर घेऊन. मी त्यांना लेफ्ट जॉइन समजावून सांगितलं नाही. सचिननं क्वेरी त्या वर्षापुरती बदलली होती. पुढं त्याचं कंत्राट संपलं, दुसरा आला, त्यानं जुनी फाइल उघडली. नुसतं जॉइन. दर वर्षी आम्ही जातो, दर वर्षी सांगतो, दर वर्षी पुरवणी यादी लागते आणि दर वर्षी काही गाड्या तिच्याआधी निघून गेलेल्या असतात. कोयत्यांच्या तक्त्यात आजही बाईला स्वतःची ओळ नाही.

म्हणून हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, त्याचा कोणाला उपयोग नाही. तुमच्या गावात लवकरच कसली तरी यादी लागेल, रेशनची, घरकुलाची, शिष्यवृत्तीची, विम्याची. तिच्यात तुमचं नाव असेल. तरीही कचेरीत जा. कोणते दोन तक्ते जोडले ते विचारा. डावीकडची सगळी माणसं ठेवून जोड म्हणा, अट ऑनमध्ये घाल म्हणा, आणि ज्यांची उजवी बाजू मोकळी निघेल त्यांची नावं मोठ्यानं वाचून दाखव म्हणा. शेवटचं नाव वाचून होईपर्यंत तिथून हलू नका.